एक रणगाडा कमी

जानेवारी संपत आला की दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे घरी येतात. पांढऱ्या सुतानं बांधलेले, वर विषय आणि तुकडी लिहिलेली. इतर गावांत शाळा सुतळी विकत आणत असतील. भिवंडीत आमचा शिपाई कुठल्यातरी लूमच्या खात्यातून तुटलेल्या सुताची मूठ घेऊन येतो. गठ्ठा सोडला की बोटांना खळीचा वास लागतो. तसा तो वास सगळ्या गावालाच आहे. सायझिंगमध्ये सुताला खळ चढवतात, तिची वाफ सकाळपासून हवेत असते, शिळ्या पेजेसारखी आंबूस. नव्या माणसाला दोन दिवस त्रास होतो, तिसऱ्या दिवशी तो भिवंडीकर होतो.

शाळेच्या आवारातल्या आंब्याला याच दिवसांत मोहर येतो. दुपारचं ऊन हळूहळू चावायला लागतं. दहावीची मुलं एकाएकी शहाण्यासारखी वागू लागतात, पाया पडतात, प्रसादाचे खडे आणून देतात. स्टाफरूममध्ये सगळ्या बायका कुरकुरतात: घरी पाहुणे आहेत, मुलं पेपरवर रंगीत पेन्सिली चालवतात, सासूबाईंचे गुडघे. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "तुमचं बरं आहे बाई. एकटीचं घर, किती निवांत." यात वाईट हेतू नसतो. मी हसते. पण निवांत हा शब्द मला शिवीसारखा लागतो, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकटी असं म्हणायचं तर आता तसंही राहिलेलं नाही. सुधाकर, माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी सैन्यातून निवृत्त होऊन घरी आला. आम्ही लहानपणापासून एकाच वस्तीतले, म्हणून आमचं अरे-तुरे. सैन्यात तो रणगाडा चालवायचा. आता पूर्वी जिथे भाताची खाचरं होती तिथे गोदामं उभी राहिलीत, त्यातल्या एकाच्या गेटवर ड्युटी करतो आणि ट्रकना शिट्टी वाजवून आत घेतो. त्याची शिफ्ट आणि माझी शाळा यांचं काही जमत नाही. मी डबा भरून ठेवते, तो डबा धुऊन ठेवतो. सतरा वर्षं आम्ही दोघं एकमेकांशिवाय राहायला शिकलो, आणि ते शिक्षण इतकं पक्कं झालंय की आता एका खोलीत बसलो तरी दोघांपैकी एक जण रेडिओ लावतो.

पण दर वर्षी गठ्ठे आले की मला तोच हंगाम आठवतो, ज्या वर्षी सगळं सैन्य नेऊन सरहद्दीवर उभं केलं होतं. युद्ध होणार, होणार, असं रोज वाटायचं. डिसेंबरात सुधाकरची सुट्टी रद्द झाली आणि तो वाळवंटात कुठेतरी गेला. कुठे, ते सांगायची परवानगी नव्हती. दोन खोल्यांच्या घरात मी एक खोली वापरायची आणि दुसरी नुसती झाडायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, दोघांत दोष काही नाही. मी म्हणायचे, दोष अंतराचा आहे, पण हा विनोद ऐकायलाही घरात कुणी नव्हतं.

रेडिओवर बातम्या लागायच्या तेव्हा मी कुकरचा गॅस बंद करायची, शिट्टीत एखादा शब्द बुडू नये म्हणून. भोवती लूमचा खटखटाट तर होताच. वीज गेली की सगळे लूम एकदम थांबायचे आणि गावावर अशी शांतता पडायची की आपलाच श्वास ऐकू यावा. इतर लोक वीज गेली म्हणून बोटं मोडायचे. मला ती शांतता भिववायची. तार घेऊन कुणी दारात आलं तर त्याची चप्पल आता ऐकू येईल, असं वाटायचं.

अशा मनानं मी त्या वर्षी दहावीचे मराठीचे पेपर तपासायला बसले. निबंधाचा विषय होता, 'मी अर्थमंत्री झाले तर'. विषय मीच काढला होता, मुलांना सोपा जाईल म्हणून. एकजात सगळ्यांनी गरिबी हटवली होती, रस्ते गुळगुळीत केले होते आणि उरलेल्या कागदावर शत्रूला धडा शिकवला होता. एकानं तर शंभर रणगाडे, दोनशे विमानं आणि भिवंडीला एक नवीन थिएटर असं एका दमात मंजूर केलं होतं. त्याला मी सात गुण दिले.

मग दर्शनाचा पेपर आला. दर्शना टेमघरच्या पलीकडच्या एका पाड्यावरून शाळेत यायची. आई नव्हती, वडील टेम्पो चालवायचे, घर आत्या सांभाळायची. आई गेल्यावर धाकट्या भावासाठी ती दोन-अडीच वर्षं घरी बसली होती, त्यामुळे वर्गात सगळ्यांत मोठी. अंगानं उंच, बोलायला कमी, आणि मराठी लिहायला लागली की थांबायची नाही. माझी आवडती होती ती. हे आता लिहायला सोपं आहे.

तिनं लिहिलं होतं: 'मी अर्थमंत्री झाले तर फार काही करणार नाही, कारण मला सगळे जमणार नाही. मी फक्त एक रणगाडा कमी घेईन. एकच. बाकीचे पुष्कळ असतात, त्यामुळे देशाला कळणारही नाही. त्या एका रणगाड्याच्या बदल्यात मी आमच्या पाड्यावर एक खोली बांधीन. खोलीत एक खाट, एक दिवा, पाण्याचे पिंप, आणि तिथेच राहणारी एक नर्स ठेवीन. आमच्याकडे दुखणे पाड्यावर आणि दवाखाना शहरात, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.'

मी तिथेच थांबले. माझ्या डोळ्यांपुढे कुठला अर्थसंकल्प आला नाही, देशही आला नाही. रणगाडा म्हटल्यावर मला एकच रणगाडा माहीत होता, आणि त्यात माझा माणूस बसलेला होता. तो कमी करायला निघाली होती ही. लाल पेन कागदात रुतलं. 'देशासाठी उभे असलेल्यांचा विचार केलेला नाही,' असं लिहिलं, दहापैकी दोन गुण दिले आणि पुढचा पेपर घेतला.

इथवरही चाललं असतं. बाई चिडक्या असतात, मुलं विसरतात. पण माझी एक रीत होती. पेपर देताना मी एक चांगला आणि एक फसलेला निबंध वर्गात वाचून दाखवायची. नाव न घेता. त्या दिवशी मी नाव घेतलं. दर्शनाला उभं केलं आणि तिच्यासमोर तिचा निबंध वाचला, मध्ये मध्ये थांबून. वर्ग हसला. 'एकच हं,' असं मागून कुणीतरी म्हणालं, पुन्हा हसू. दर्शना उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू होतं. त्या हसण्यानं मी जास्तच बिथरले. म्हटलं, "हसायला काय झालं? तिकडे थंडीत माणसं उभी आहेत म्हणून तू इथे बसून निबंध लिहितेस." आणि आग सोमेश्वरीपाशी वाचन थांबवून पेपर तिच्या हातात न देता गठ्ठ्यात ठेवला. तिचं हसू तेव्हा गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी मुलांना नेहमी सुनावते. त्या दिवशी मला सुनावणारं कुणी नव्हतं.

चार दिवसांनी तिची आत्या शाळेत आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, पदर डोक्यावरून. बाकावर न बसता दाराशीच उभी राहिली.

"बाई, दर्शनीला दहावीच्या फुरं शिकवाची का? तिचा बापूस बोलतो, लगीन करू. ती बोलते, कालेजात जाईन. आमाला काय कलत नाय. तुमी सांगाल तसा करू."

मला काय सांगायचं होतं ते सरळ होतं. शिकवा तिला, पोरगी हुशार आहे. एवढंच. पण अजून माझा राग निवला नव्हता, आणि आदल्या दिवशी सुधाकरचा फोन यायचा होता तो आला नव्हता. मी म्हटलं, "आधी पास होऊ दे. मग बघू."

आत्या थोडी थांबली, आणखी काही येतं का पाहिलं, मग शेंगा टेबलावर ठेवून निघून गेली. आमच्याकडे 'बघू' हा नकारच असतो, फक्त तोंडावर मारायचा नसतो. लग्नाला मुलगी पाहून गेले की 'बघू' म्हणतात. हे मला माहीत होतं. माहीत असून मी तो शब्द वापरला.

मार्चमध्ये दर्शनानं बोर्डाची परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मराठीत शाळेत पहिली होती. पेढे घेऊन तिचा भाऊ आला. म्हणाला, ताईचं वैशाखात लगीन झालं, गणेशपुरीकडे दिलीय. मी पेढा हातात धरला आणि तो तसाच वितळत राहिला.

ते वर्ष तसंच रेंगाळत गेलं. युद्ध झालं नाही. सैन्य हळूहळू मागे आलं आणि पुढच्या जानेवारीत, पुन्हा पूर्वपरीक्षेच्याच दिवसांत, सुधाकर महिनाभराच्या रजेवर घरी आला. काळवंडलेला, ओठ फुटलेले. पहिले दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसलो असताना मी विचारलं, तिथे काय करायचात रे दिवसभर?

"सकाळी रणगाडा चालू करायचा," तो म्हणाला. "थोडा पुढं, थोडा मागं. मग बंद करून जाळी टाकायची. वाळू आत गेली की काढायची. परत सकाळी चालू करायचा."

"दहा महिने?"

"दहा महिने. सुरुंग पेरताना दोघं गेले आमच्याकडचे, आपलेच सुरुंग. बाकी एक गोळा उडवला नाही. डिझेल मात्र प्यायचा, म्हशीनं पाणी प्यावं तसा."

का कुणास ठाऊक, तेव्हा मी त्याला दर्शनाची गोष्ट सांगितली. शाबासकी मिळेल असंच मला वाटलं असावं. तुझी बाजू मी कशी घेतली बघ, असं. त्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. "पेपर आहे?" म्हणाला. जुने गठ्ठे शाळेच्या कपाटात वर्षभर ठेवतात, आणि नव्यांना जागा हवी म्हणून नेमके तेव्हाच बाहेर काढले होते. दुसऱ्या दिवशी मी पेपर घरी आणला.

सुधाकर वाचायला हळू. ओळीखाली बोट धरून वाचतो. मी चहा टाकत होते. तो आग सोमेश्वरीपर्यंत आला, हसला, आणि त्यानं पान उलटलं.

"पुढं आहे की," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पुढं काय?"

तो मोठ्यानं वाचू लागला. 'माझ्या आईला दवाखान्यात नेताना बाबांच्या टेम्पोत कापडाचे तागे होते. ताग्यांवर झोपवून नेली. रस्त्यात ती गेली आणि बाळही गेले. नर्स पाड्यावर असती तर एवढे लांब जावेच लागले नसते. मी सैनिकांचा पगार कमी करणार नाही. त्यांचे स्वेटर आणि बूट कमी करणार नाही. फक्त तो एक रणगाडा. आणि त्या रणगाड्यात जी माणसे बसणार होती त्यांना मी घरी पाठवीन. आमच्या बाईंचे यजमान रणगाड्यावर असतात. त्या घरी एकट्या असतात. ते घरी आले तर बाईंना बरे वाटेल. पण हे मी अर्थमंत्री म्हणून कोणाला सांगणार नाही, नाहीतर लोक म्हणतील की ओळखीच्यांचे काम केले.'

चहा उतू गेला. सुधाकरनं उठून गॅस बंद केला आणि कागद घडी न घालता खाटेवर ठेवला. दहा वर्षं पेपर तपासणारी बाई मी. निबंध कुठे संपतो ते न बघता गुण दिले होते. तेव्हापासून कोरं असलं तरी प्रत्येक पान मी उलटून बघते, आणि स्टाफरूममध्ये म्हणतात, बाईंचे पेपर फार सावकाश तपासून होतात.

रणगाडे नकोत असं मी आजही म्हणणार नाही. रणगाडा चालवणाऱ्याच्या पगारावर माझं घर उभं राहिलंय, आणि देशाचा कारभार चालवायला एखादा निबंध पुरत नाही एवढं मला कळतं. पण वर्तमानपत्रात नव्या शस्त्रखरेदीची बातमी आली की मला तिचा तो 'एकच' आठवतो. तिनं सगळे मागितले नव्हते. एवढं थोडं मागणाऱ्या माणसालाच आपण सगळ्यात आधी खाली बसवतो. मी तर तिला उभं करून खाली बसवलं.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं गणेशपुरीच्या बाजूला गेलो. तिचं सासर गावाच्या कडेला, अंगणात भाताचा पेंढा रचलेला. दर्शना बाहेर आली तेव्हा तिला सातवा महिना होता. तिनं मला ओळखलं, सुधाकरकडे पाहिलं, आणि पदर सावरत म्हणाली, "साहेब आले?" जणू आम्ही तेवढंच सांगायला आलो होतो.

मी पेपर पुढे केला. म्हटलं, "दर्शना, मी मागचं पान वाचलंच नव्हतं. चुकलं माझं."

तिनं कागद उलटून मागचं पान पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटला तुमी वाचणार. तुमी वाचत व्हत्या ना वर्गात, मी बोलली, आता बाई पान उलटतील, आता उलटतील. तुमचा नाव व्हता ना मागं. लाज वाटत व्हती, हसू येत व्हता." आणि आतून सासू बघतेय हे दिसल्यावर हळूच म्हणाली, "असू द्या बाई. आता काय त्याचा."

बारावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "बघू." पुढेही एकदा विचारलं, तेव्हाही "बघू"च. तिचं कॉलेज मी परत देऊ शकले नाही, आणि माझ्या नावावर जे काही लिहिलं जाईल त्यात हे राहणारच आहे.

निघताना सासू म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. पुढच्या आठवड्यात आत्या येऊन हिला पाड्यावर नेणार. सगळं अगदी सहज बोलत होती ती. दर्शना खाली बघून पेंढ्याची काडी मोडत होती. पाड्यावर खोली नव्हती, खाट नव्हती, नर्स नव्हती. टेम्पो होता.

बसच्या थांब्यावर सुधाकर म्हणाला, "आपली ती खोली रिकामीच असते." बस्स, एवढंच बोलला. मी तिथूनच परत फिरले.

आत्याला आणि सासूला समजवायला दोन फेऱ्या पडल्या. बाईचं घर माहेर कसं होईल, लोक काय म्हणतील. आत्याच शेवटी म्हणाली, हिची आई आसती तर कुठं नेली आसती ते बगा, नि मग बोला. दर्शना फेब्रुवारीत आली. एक पिशवी, एक गोधडी. सुधाकरची रजा तेव्हा संपत आली होती. जायच्या आधी त्यानं तिच्या खाटेचे करकरणारे पाय ठोकून घट्ट केले, पाण्याचं पिंप घासून ठेवलं, दवाखान्यापर्यंत पायी चालत जाऊन किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटं. मग तो गेला.

मार्चअखेर तिला मुलगी झाली, दवाखान्यात, भर सकाळी, दोन नर्सच्या हातावर. आत्या महिनाभर माझ्याकडेच राहिली. घरात ओवा, शेपा, धुरी, दुपट्यांच्या दोऱ्या. माझे बोर्डाचे पेपर ओल्या लंगोटांखाली पडून होते आणि स्टाफरूममध्ये पहिल्यांदाच मी इतरांसारखी कुरकुरत होते. रिकामी खोली भरली की माणसाला सुख होतं असं मला वाटायचं. सुख झालंच, पण बाळाच्या प्रत्येक रडण्याबरोबर हेही कळत होतं की हे माझं नाही आणि दिवस ठरलेले आहेत.

दर्शना सासरी जायच्या आदल्या रविवारी दुपारी सुधाकरचा फोन आला. तिकडे रांगेत उभं राहून एकेकाला थोडी मिनिटं मिळायची. आम्ही नेहमी ती तब्येत, पाऊस, पगार यांत संपवायचो. वीज नुकतीच गेली होती, सगळे लूम थांबले होते. मी 'हॅलो' म्हणायला आणि बाळ रडायला एकच गाठ पडली. "आत ने गं तिला," मी दर्शनाला म्हटलं, आणि ती बाळाला घेऊन निघाली.

"थांब," सुधाकर म्हणाला. "आत नको नेऊस."

"अरे, ऐकू येणार नाही तुला काही."

"येतंय."

मी फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. ती रडत होती, चांगला टाहो फोडून. दर्शना माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे. पलीकडे वाळूवरचा वारा आणि त्याचा श्वास, दुसरं काही नाही. मध्येच बाळ दमून थांबलं तेव्हा मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "बोल ना काही."

"तू नको बोलूस," तो म्हणाला. "अजून एक मिनिट आहे माझं."